रेसिडेन्सीच्या निवडीत एकांकिका, शिबिरं आणि मेस सेक्रेटरीपद यांचं वजन किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करताय. अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप 1, पास आहे, पुढच्या टप्प्याचा, म्हणजे स्टेप 2 सीकेचा, स्कोअर चांगला आहे, आणि येत्या सप्टेंबरात अमेरिकेत इंटरनल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी (तिथलं पीजी प्रशिक्षण) अर्ज करायचाय. सीनियर सांगतात, ‘स्कोअर आणि तिकडचा क्लिनिकल अनुभव एवढंच बघतात, बाकी सगळी नुसती भर.’ दुसरीकडे एक कन्सल्टन्सीवाला पैसे घेऊन दोन संस्थांची सर्टिफिकेटं आणि ‘लीडरशिप प्रोफाइल’ करून देतो म्हणतोय. तुमच्याकडे खरोखरचं जे आहे ते असं: तीन वर्षं कॉलेजच्या एकांकिका (आधी बॅकस्टेज, शेवटी दिग्दर्शन), एनएसएसचं रक्तदान शिबिर, वर्षभर होस्टेलचं मेस सेक्रेटरीपद, आणि पक्षाघात झालेल्या आजीची घरी केलेली देखभाल. यातलं काय लिहावं आणि लिहून उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी अमेरिकेतल्या एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये इंटरनल मेडिसिन शिकवतो आणि बरीच वर्षं तिथल्या निवड समितीवर आहे. माझं उत्तर असं: तुमचा अर्ज उघडला जाईल की नाही, हे या गोष्टींवर जवळजवळ ठरत नाही. उघडल्यानंतर मात्र इंटरव्ह्यूला बोलवायचं का, आणि पुढे यादीत कुठे ठेवायचं, यात त्यांचा हात तुमच्या सीनियरांना वाटतो त्याहून बराच मोठा असतो. कन्सल्टन्सीवाल्याला एक पैसाही देऊ नका. त्याची कारणं पुढे सांगतो.

आपल्याकडे पीजीची निवड म्हणजे नीट पीजीची रँक आणि मग काउन्सेलिंग. तुम्ही कॉलेजात काय केलंत, लोकांशी कशा वागता, हे कोणी विचारत नाही. या पद्धतीचा एक मोठा गुण आहे: वशिला चालत नाही. पण त्यामुळे आपल्या मुलांच्या मनात निवड म्हणजे एक आकडा हे इतकं पक्कं बसतं की अमेरिकेतली पद्धत वेगळी आहे हे कळूनही वळत नाही. तिथे अर्ज ईरास या प्रणालीतून जातो, प्रोग्राम, म्हणजे रेसिडेन्सी चालवणारे हॉस्पिटलांचे विभाग, तो वाचतात, निवडक लोकांना इंटरव्ह्यूला बोलवतात, आणि शेवटी दोन्ही बाजू आपापल्या पसंतीची क्रमवार यादी एनआरएमपीकडे देतात. ही संस्था 1952 पासून या जुळणीचं, म्हणजे ‘मॅच’चं, काम करते आहे. तिचं आजचं गणित ज्यांनी घडवलं त्या अॅल्विन रॉथ यांना 2012 मध्ये लॉइड शेपली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या गणितात अर्जदाराच्या पसंतीला झुकतं माप आहे. तरी प्रोग्रामच्या यादीत तुमचं नाव पुरेसं वर नसेल तर तुमच्या पसंतीचा काही उपयोग नाही. आणि ती यादी माणसं बसून करतात.

पहिली चाळणी कोरडी असते, हे सीनियरांचं म्हणणं खरं आहे. मध्यम आकाराच्या प्रोग्रामकडेही जागा वीस-तीस असतात आणि अर्ज हजारोंनी येतात. परीक्षेत नापास झाल्याची नोंद, स्टेप 2 सीकेचा स्कोअर, पदवीला किती वर्षं झाली, व्हिसाची गरज, अमेरिकेतला प्रत्यक्ष अनुभव आणि तिथल्या डॉक्टरांची पत्रं, शिवाय तुम्ही त्या प्रोग्रामला ‘सिग्नल’ (तो आपल्या खास पसंतीचा आहे, हे अर्जात कळवणारी खूण) पाठवलाय का, यावर पहिला गठ्ठा होतो. कितीही उत्तम एकांकिका केली असेल तरी कमी स्कोअर त्यामुळे वर सरकत नाही. 2024 च्या मॅचमध्ये अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी 58 टक्क्यांच्या आसपास लोकांना जागा मिळाली, तर अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांच्या (तिथे एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी पहिली पदवी) शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत हेच प्रमाण नव्वदीच्या पुढे होतं. तेव्हा आधी परीक्षा, मग बाकीचं, या क्रमाबद्दल माझा काहीही वाद नाही.

पण गठ्ठा झाल्यावर काय होतं, ते सीनियरांना दिसत नाही. तिथे सगळ्यांचे स्कोअर एकमेकांच्या जवळपास असतात. पत्रं सगळी स्तुतीचीच असतात. 26 जानेवारी 2022 पासून स्टेप 1 फक्त पास-नापास झाली, म्हणजे पूर्वी ज्या आकड्यावर निम्मी चर्चा संपायची तो आकडाच गेला. रुग्णाशी बोलण्याची परीक्षा घेणारी स्टेप 2 सीएस आधी कोविडमुळे थांबली आणि जानेवारी 2021 मध्ये कायमची बंद झाली. इंटरव्ह्यूही 2020 पासून बहुतेक ठिकाणी व्हिडिओवर गेले, त्यामुळे दिवसभर वॉर्डात सोबत फिरून माणूस जोखण्याची जुनी सोयही उरली नाही. उरतो तो अर्जातला अनुभवांचा भाग. म्हणून तो आता पूर्वीपेक्षा बारकाईने वाचला जातो.

2024 च्या मॅचच्या अर्जांपासून ईरासनेही हा भाग बदलला. पूर्वी लोक वीस-पंचवीस नोंदी भरायचे. आता जास्तीत जास्त दहा. प्रत्येकीला 750 अक्षरं, रिकाम्या जागा धरून. त्यातल्या तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडायच्या आणि त्या का, हे प्रत्येकी आणखी 300 अक्षरांत सांगायचं. नोकरी, संशोधन, सेवाकार्य सगळं या दहात बसवायचं. मला हा बदल मनापासून आवडला. कारण आता अर्जदाराला निवड करावी लागते, आणि माणूस काय ठेवतो आणि काय गाळतो यातून बरंच कळतं. तीनही अर्थपूर्ण जागा केस रिपोर्टांनी (एकेका रुग्णावरच्या छोट्या लेखांनी) भरल्या असतील तर मी ते रिपोर्ट उघडून बघतो. पैसे भरून छापून आणलेले, सात लेखकांतले पाचवे, असे निघाले की माझा त्या अर्जावरचा विश्वास पातळ होतो.

वाचताना मी काय शोधतो? सगळ्यात आधी काळ. तीन महिन्यांत पाच संस्था, आणि त्या नेमक्या अर्जाच्या आधीच्या उन्हाळ्यात, हे पहिल्या नजरेत दिसतं. एकाच गोष्टीत दोन-तीन वर्षं टिकलेला माणूसही दिसतो. मग हातात काय होतं ते: नुसती हजेरी होती, की एखादं काम असं होतं जे याने केलं नसतं तर झालंच नसतं? शेवटी, काही बिघडलं तेव्हा काय केलं. पदाचं नाव मी जवळजवळ वाचत नाही. ‘अध्यक्ष’ असं लिहिलेल्या पुष्कळांना आपल्या संस्थेचं वर्षाचं बजेट सांगता येत नाही.

तुमच्याच शिबिरासारखं एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. एका अर्जात रक्तदान शिबिराची नोंद होती. भारतातून येणाऱ्या अर्जांत हे इतकं नेहमीचं असतं की डोळा त्यावरून घसरतो. पण या मुलीने एक वाक्य लिहिलं होतं: शिबिर जानेवारीतून मे महिन्यात हलवलं. इंटरव्ह्यूत मी विचारलं, का हलवलंत? ती म्हणाली, जानेवारीत गॅदरिंगच्या सुमाराला सगळीच कॉलेजं शिबिरं घेतात आणि रक्तपेढीत पिशव्या भरपूर होतात. लाल पेशी पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत, प्लेटलेट्स तर पाच दिवसच. आणि मे महिन्यात कॉलेजं ओस पडतात तेव्हा वॉर्डात नातेवाइकांना दाते शोधत पळावं लागतं. हे तिला प्रसूती विभागातल्या पोस्टिंगमध्ये दिसलं होतं. मग मे महिन्यात मुलं आणलीत कुठून? तर परीक्षेसाठी थांबलेली होस्टेलची मुलं, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि रुग्णालयाचे कर्मचारी. पहिल्या वर्षी अनेक मुलींना परत पाठवावं लागलं, कारण हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. ते तिला लागलं. दुसऱ्या वर्षी शिबिराच्या कितीतरी आधी होस्टेलात हिमोग्लोबिनची तपासणी ठेवली आणि ज्या मुलींचं कमी निघालं त्यांना मेडिसिनच्या ओपीडीत नेलं. एकीला नेमकं काय निघालं हे सांगताना तिने त्या मुलीची ओळख पटेल असं काहीही बोलणं टाळलं, हेही मी टिपलं.

या पाच-सात मिनिटांत मला काय काय मिळालं बघा. आजूबाजूला दिसलेल्या त्रासाचं कारण शोधायची सवय. व्यवस्थेत नेमकं कुठे बोट ठेवलं तर फरक पडेल याची समज. पहिला प्रयत्न अर्धवट निघाल्यावर पुन्हा मांडणी करण्याची तयारी. आणि रुग्णाच्या खासगीपणाची जाण. अमेरिकेत रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या एसीजीएमईने सहा क्षमता ठरवल्या आहेत: रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, स्वतःच्या कामातून शिकत सुधारणं, संवाद, व्यावसायिक वर्तन, आणि आरोग्यव्यवस्थेत राहून काम करण्याची जाण. स्टेप परीक्षा त्यांतल्या एका क्षमतेचा अंदाज नीट देते, दुसरीचा थोडाफार. बाकीच्या चारांबद्दल अर्जात कुठे काही सापडणार असेल तर ते अशाच नोंदींमध्ये.

हे सगळं इतकं का बघायचं, असं कोणी विचारेल. रात्रीच्या ड्यूटीवरचा इंटर्न, म्हणजे तिथला पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, डोळ्यांसमोर आणा. दिवसाच्या टीमचे सगळे रुग्ण त्याच्या अंगावर, त्यातले बरेचसे त्याने पहिल्यांदाच पाहिलेले. एका खोलीत रक्तदाब उतरतोय, दुसरीकडून नर्सचा तिसरा फोन, तिसऱ्या रुग्णाची मुलगी दुसऱ्या राज्यातून फोनवर रडतेय. आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा 2003 पासून आहे, पण 80 तास हेही थोडके नाहीत. अशा वेळी ज्ञान लागतंच. पण रेसिडेंट अडचणीत येतात ते बहुतेक वेळा ज्ञान कमी पडलं म्हणून नव्हे. मदत वेळेवर मागितली नाही, नर्सचं ऐकलं नाही, झालेली चूक सांगितली नाही, थकल्यावर माणसांवर ओरडला, अशी कारणं असतात. हे आधी ओळखायचं कसं, हा निवड समितीचा खरा पेच आहे. ज्याने कधीतरी कोणाच्या दबावाशिवाय, मार्कांशिवाय, इतरांसोबत एखादं काम तडीला नेलंय, त्याच्याबद्दल निदान विचारायला काहीतरी हातात असतं.

याला पुरावा आहे का? आहे, पण तोकडा. 2012 मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कान-नाक-घसा विभागातल्या दोन प्राध्यापकांनी आपल्याच जुन्या रेसिडेंट्सच्या अर्जांतल्या गोष्टी आणि पुढे शिक्षकांनी त्यांना दिलेली गुणवत्ता यांची तुलना केली. सांघिक खेळात ज्यांनी खरोखर प्रावीण्य मिळवलं होतं ते पुढे चांगले डॉक्टर ठरल्याचं त्यांना दिसलं. एकाच विभागातले मोजके रेसिडेंट होते, त्यामुळे यावरून नियम काढू नये. खेळणं उपयोगी पडलं, की जे मुळात चिवट असतात तेच खेळात टिकतात, हे अशा अभ्यासातून उलगडत नाही. हाताच्या कौशल्याबद्दल 2007 चा न्यूयॉर्कमधला एक अभ्यास बराच गाजला: आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जननी लॅपरोस्कोपीच्या सरावात 37 टक्के कमी चुका केल्या आणि काम 27 टक्के लवकर उरकलं. तो आकडा ऐकून कोणी गेमिंगची नोंद अर्थपूर्ण तीनांत टाकू नये. एनआरएमपी प्रोग्राम डायरेक्टरांची जी सर्वेक्षणं करते, त्यांतून मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इंटरव्ह्यूला बोलवताना परीक्षा, कॉलेजचा अहवाल आणि पत्रं पुढे असतात. अंतिम यादी लावताना माणसांशी वागणं, इंटरव्ह्यूतला संवाद आणि तिथल्या रेसिडेंट्सशी झालेलं बोलणं वर चढतं. उपक्रमांची नोंद त्या संवादाला विषय पुरवते. तिचं खरं काम तिथे सुरू होतं.

शाखेनुसार फरक पडतो. फॅमिली मेडिसिनवाले वंचित वस्त्यांमधलं सातत्याचं काम फार गंभीरपणे बघतात. त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स, प्लास्टिक सर्जरीत संशोधनाचं पारडं इतकं जड असतं की बाकी गोष्टी मागे पडतात. इंटरनल मेडिसिन यांच्या मधे कुठेतरी आहे.

आता समितीच्या बाजूचा एक दोष, कारण तो तुमच्या अर्जाला लागू होतो. उपक्रम बघून माणूस निवडण्यात एक धोका भरलेला आहे: निवडणाऱ्याला स्वतःसारखा माणूस आवडतो. स्वतः शिडाची बोट चालवणाऱ्याला शिडाची बोट चालवणारा अर्जदार ‘आपल्यात बसेल’ असा वाटतो. महागडे छंद, परदेशातल्या सेवायात्रा, लहानपणापासूनचं व्हायोलिन, या गोष्टी पालकांच्या पैशाने येतात. ज्या मुलाने एमबीबीएसच्या सुट्ट्यांमध्ये वडिलांच्या दुकानात किंवा शेतात काम केलं, त्याचा ‘छंद’ रकाना कोरा दिसतो, आणि तो भरगच्च छंद असलेल्या कोणातरी मुलाच्या मागे टाकला जातो. हा अन्याय मी समितीत झालेला पाहिलाय आणि त्यावर भांडलोय. ‘हा आपल्यात बसेल’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कशावरून? उत्तरात कामाशी संबंध असलेली एकही गोष्ट येत नसेल तर तो मुद्दा धरायचा नाही. आम्ही आता प्रत्येक उमेदवाराला ठरलेले तेच प्रश्न विचारतो, गुण स्वतंत्रपणे आधी लिहून ठेवतो, मगच एकत्र चर्चा करतो. सगळे प्रोग्राम असं करत नाहीत. करायला हवं.

म्हणूनच आजीबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. ते लिहा. ईरासमध्ये एक ऐच्छिक प्रश्न आहे, जिथे घरची परिस्थिती, आर्थिक ओढाताण, शिक्षणात आलेले अडथळे अशा गोष्टी सांगता येतात. तिथेही 750 अक्षरं. प्रत्येकाने तो भरावा अशी अपेक्षा नसते, पण तुमच्यासाठी तो आहेच. दया येईल असं लिहू नका, काय केलंत ते लिहा. दर दोन तासांनी कूस बदलणं, गिळताना ठसका लागतो म्हणून पातळ पदार्थ दाट करून देणं, फिजिओथेरपीची वेळ, आई-वडील आणि काका यांच्यात पाळ्या लावणं, आणि हे करताना दुसऱ्या एमबीबीएसची परीक्षा. पक्षाघाताचा रुग्ण डिस्चार्ज झाल्यावर घरी काय घडतं, हे बहुतेक इंटर्नना ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे. एक सावधगिरी बाळगा: जे लिहाल त्यावर इंटरव्ह्यूत प्रश्न येणार, तेव्हा ज्याबद्दल अनोळखी माणसाशी स्थिर आवाजात बोलता येईल तेवढंच लिहा. लग्न, मुलं, पुढचे कौटुंबिक बेत हे त्यांनी विचारायचे प्रश्न नाहीत, आणि तुम्ही आणखी कुठे अर्ज केलेत हे विचारायला एनआरएमपीच्या नियमांनीच मनाई आहे. विचारलंच तर विषय नम्रपणे इंटरनल मेडिसिनकडे वळवावा.

कन्सल्टन्सीवाल्याचं बोलू. ईरासमध्ये अनुभवांची सर्टिफिकेटं जोडायची सोयच नाही. म्हणजे तो जे विकतोय ते लावायला जागाच नाही. त्याने खरं तर तुम्हाला एक कहाणी विकलीय, आणि ती इंटरव्ह्यूत तुम्हाला सांगावी लागेल. समोरचा सहज विचारतो, ‘तिथला एखादा दिवस कसा असायचा?’ ज्याने ते काम केलंय तो लगेच कुठल्यातरी बारीकशा गोष्टीवर जातो: गाडी उशिरा यायची, रजिस्टर कोणाकडे असायचं, एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन बसायचे. ज्याने केलेलं नाही तो ‘समाजासाठी काहीतरी करण्याचं समाधान’ अशा शब्दांत बोलायला लागतो. हा फरक ओळखायला फार अनुभव लागत नाही, आमचे दुसऱ्या वर्षाचे रेसिडेंटही तो ओळखतात. खोट्या माहितीची चौकशी ईरास चालवणारी एएएमसी करते आणि तिचा निष्कर्ष प्रोग्रामना कळवला जाऊ शकतो. पण चौकशीपर्यंत न जाताही नाव यादीतून निघतं, आणि का निघालं हे तुम्हाला कधी कळतही नाही. भाषांच्या रकान्यातही हेच. अॅपवर दोन महिने फ्रेंच केलंय म्हणून ‘उत्तम’ लिहू नये, समोरचा फ्रेंचमध्ये बोलायला लागू शकतो. मराठी, हिंदी आणि जी येत असेल ती तिसरी भाषा खऱ्या पातळीसह लिहा.

आता एकांकिका. माझ्या मते ती तुमच्या तीनांपैकी पहिली. पण बहुतेक मुलं लिहितात तशी नको: ‘आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धेत सहभाग; यातून टीमवर्क, नेतृत्व आणि वेळेचं नियोजन शिकले.’ या वाक्यात नाटकाऐवजी क्रिकेट, वादविवाद, ट्रेकिंग काहीही घाला, काही बिघडत नाही. म्हणजेच त्यात तुम्ही नाही आहात. वाचणाऱ्या अमेरिकन डॉक्टरला एकांकिका म्हणजे काय हे माहीत नाही, तेव्हा आधी एका ओळीत सांगा: तासाभराच्या आतलं नाटक, लेखनापासून प्रकाशापर्यंत सगळं विद्यार्थ्यांनी केलेलं, परीक्षकांसमोर एकाच प्रयोगात. मग तुमचं काम. बॅकस्टेजला असताना तुमच्या हातात काय होतं? नेपथ्य लावायला स्पर्धेत जी मोजकी मिनिटं मिळतात त्यात कोण काय उचलणार हे तुम्ही ठरवलं का? दिग्दर्शन करताना वॉर्डाच्या पोस्टिंगनंतर रात्री तालमी कशा बसवल्या? एखाद्या नटाची परीक्षा आड आली, कोणी आयत्या वेळी आजारी पडलं, तेव्हा काय केलंत? वेगवेगळ्या बॅचच्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या मुलांकडून काम कसं करून घेतलंत? यातली एकच गोष्ट निवडा आणि ती नीट सांगा. 750 अक्षरांत इंग्रजीचे सव्वाशेच्या आत शब्द बसतात. बक्षीस मिळालं असेल तर अर्ध्या ओळीत, शेवटी.

उरलेल्या 300 अक्षरांत ही गोष्ट तुम्हाला अर्थपूर्ण का वाटते ते येतं. तिथे वैद्यकशास्त्राशी ओढूनताणून नातं जोडण्याची गरज नसते. दिग्दर्शक म्हणून एखाद्या मुलाला सगळ्यांसमोर टोकण्यापेक्षा बाजूला घेऊन सांगितलं की तो सुधारतो, हे तुम्हाला तिथे कळलं असेल, तर तेवढंच लिहा. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला इंटर्नबाबत रोज हेच करायचं असतं.

मेस सेक्रेटरीपद भारतीय मुलं अर्जात घालतच नाहीत, त्यांना ते किरकोळ वाटतं. मला ते फार मोलाचं वाटतं. त्यात कंत्राटदार आहे, थकलेली बिलं आहेत, शेकडो मुलांच्या तक्रारी आहेत, आणि दोन्हीकडून शिव्या खाणारी तुम्ही आहात. होस्टेलात काविळीची साथ आली की पहिला फोन मेस सेक्रेटरीला जातो. पाण्याची टाकी कधी धुतली होती, याची नोंद ठेवायला तुम्ही सुरुवात केली असेल, तर अमेरिकेत ज्याला क्वालिटी इम्प्रूव्हमेंट म्हणतात आणि प्रत्येक रेसिडेंटला ज्यात भाग घ्यावा लागतो, तेच तुम्ही होस्टेलात केलंय. तसं लिहा, पण आकडे खरे असू द्या. माहीत नसलेला आकडा घालण्यापेक्षा ‘बरेच’ लिहिलेलं परवडतं.

रक्तदान शिबिराबद्दल एकच प्रश्न स्वतःला विचारा: तिथे तुम्ही स्टूल आणि बिस्किटं मांडत होतात, की काही ठरवत होतात? नुसती मदत असेल तर ती दहा नोंदींत राहू द्या, तीनांत नको. तीन कोणते हे माझ्या मते स्पष्ट आहे: एकांकिका, मेस, आणि तिसरी जागा अमेरिकेतल्या क्लिनिकल रोटेशनला (तिथल्या वॉर्डातल्या पोस्टिंगला). शेवटी आम्हाला हेही बघायचं असतं की तिथल्या वॉर्डात काम करताना तुमच्या काय लक्षात आलं. त्या रोटेशनमधल्या ज्या डॉक्टरांकडून पत्र घेणार आहात त्यांना या नोंदींची एक प्रत द्या. चांगलं पत्र लिहिणारा माणूस वॉर्डात पाहिलेली तुमची वागणूक आणि तुमची मागची कामं यांची सांगड घालतो, आणि दोन वेगवेगळ्या कागदांवर एकच माणूस दिसला की वाचणाऱ्याची खात्री पटते.

आता नवीन काही सुरू करू नका. अर्ज सप्टेंबरअखेर प्रोग्रामना दिसायला लागतात, त्याआधीच्या तुमच्या महिन्यांवर परीक्षेचा, पत्रांचा आणि इंटर्नशिपचा हक्क आहे. या आठवड्यात एवढंच करा: शिबिराच्या तारखा, जमलेल्या पिशव्यांचा आकडा, मेसच्या वहीतले हिशेब, तालमींचं वेळापत्रक, जे कुठे सापडेल ते ज्युनियरांकडून आणि ऑफिसातून काढून त्याचे फोटो घेऊन ठेवा. कॉलेज सुटल्यावर दुसऱ्या देशात बसून यातली एक तारीख मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.